‘डिफेक्ट’चा नेमका अर्थ

आमच्या कॉलनीत कुणी ‘डिफेक्ट’ हा शब्द चुकीचा वापरला, तर शेजारचे माणिक सर भरल्या ताटावरून उठून येतात. खरकटा हात तसाच वर धरून समजावत राहतात. तिकडे भाकरी वाळते.

सर लोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. रिटायर होऊन नांदेडला आले आणि आम्हालाच वर्ग समजू लागले. बाकी इंग्रजीची आम्ही कितीही चिरफाड करावी, सर ‘चालंल’ म्हणून सोडून देतात. या एका शब्दाला मात्र माफी नाही.

‘‘ज्यानं काम अडतं त्यो डिफेक्ट,’’ हे त्यांचं पालुपद. ‘‘नुसता डाग हाय आन् काम चालू हाय, तर ब्लेमिश म्हणा. लई फरक हाय.’’

बाजारात हे वांग्यांवर चालतं. वरचा डाग ब्लेमिश, आतली कीड डिफेक्ट. भाजीवाला आता डागाळलेली वांगी वेगळ्या टोपलीत ठेवतो आणि ‘ब्लेमिश घ्या, ब्लेमिश’ असं ओरडून स्वस्तात विकतो. आमच्या घरी तीच येतात. माझा नवा कूलर एका बाजूला चेपलेला निघाला, तेव्हा मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. सरांनी तो चालू केला, पुढ्यात खुर्ची टाकली आणि गार वारा येऊन राहिला तर तक्रार कशाची, असं विचारलं. दुपारभर ते उठलेच नाहीत.

सरांनी लग्न केलं नाही. वांगंसुद्धा इतकं पारखून घेणाऱ्या माणसाला मुलगी कशी पसंत पडणार, असं कॉलनीचं मत. उमरीची एक चांगली मुलगी त्यांनी नाकारली, असंही सगळे सांगायचे. सरांनी ते कधी खोडून काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी सुजाता हिला बघायला मुरुडचे पाहुणे आले. तिच्या मनगटावर कोडाचा पांढरा डाग आहे. आधीची स्थळं त्यावरूनच परत गेली होती आणि यानंतर आपण कुणापुढं बसणार नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं. वहिनीनं तिला भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालायला लावला. शेजारधर्म म्हणून सरांना बोलवावं लागलं. आज इंग्रजी बंद, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी मान हलवली.

पाहुणे आले, जयभीम झाला, पोहे झाले. चहा देताना सुजाताची बाही सरकली. मुलाच्या मामांनी कप खाली ठेवला.

‘‘पोरीत डिफेक्ट हाय की हो,’’ ते मला म्हणाले.

आता तास सुरू होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण सर नुसते उठले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आले. सरांचा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्हाला तो दिसेनासाच झाला होता.

‘‘उमरीच्या मंडळींनी मला असंच चालून दाखवा म्हणलं होतं,’’ सर म्हणाले. ‘‘मग माझ्यासमोरच म्हणले, पोरात डिफेक्ट हाय. मी घरी येऊन डिक्शनरी उघडली. वाटलं, दुसरा काही अर्थ असंल.’’

सर मुलाकडे वळले.

‘‘उमरीच्या त्या पोरीला कुणी इचारलंच न्हाई. तुमी तरी हिला इचारा.’’

मामा काही बोलणार, इतक्यात मुलानं सुजाताला विचारलं, मुरुडला राहायला येशील का? तिनं त्याच्याकडे बघितलं. मग बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि ‘हाव’ म्हणाली. वहिनी आत जाऊन रडली.

त्या गडबडीत सर चहा न घेताच निघून गेले. मी मागोमाग गेलो, तर आपल्या ओट्यावर बसून डोळे पुसत होते. मला फार वाईट वाटलं. मी शेजारी बसलो.

‘‘तिनं बी ‘हाव’ म्हणलं असतं का हो?’’ त्यांनी विचारलं.

मी उमरीच्या त्या बाईला कधी पाहिलेलंही नाही.

‘‘हाव, सर,’’ मी म्हणालो.