बाही आपोआप निघाली!

टेलर मास्तरांनी समन्स वाचलं, नीट घडी घातली आणि लग्नाची पत्रिका आल्यासारखं खिशात ठेवलं!

"कोर्टाला काय घाबरायचं?" ते बायकोला म्हणाले. "आयुष्यभर मी मोठमोठ्या माणसांना समोर उभं करून पोट आत घ्यायला लावलंय. या वेळी मी उभा राहीन, एवढाच फरक!"

आरोप तसा किरकोळ होता. धक्काबुक्की आणि कोटाचं नुकसान. झालं होतं असं, की पलीकडच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर नवा कोट घालून दुकानात आले आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "मास्तर, काखेत आवळतो हो. हात वर केला की सगळा कोट वर येतो."

"मग हात वर करता कशाला? कोट घालून काय झाडावर चढायचंय?"

शब्दाने शब्द वाढला. "तुम्हाला शिवताच येत नाही," असं डॉक्टर म्हणाले मात्र, मास्तरांचं डोकं फिरलं. "काढा माझा कोट!" म्हणत त्यांनी उजवी बाही धरून ओढली. कोट डॉक्टरांच्या अंगावरच राहिला, बाही मास्तरांच्या हातात आली आणि डॉक्टर तसेच, एका बाहीने, तरातरा पोलीस चौकीत गेले.

वकीलसाहेबांनी हे सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "सोपी केस आहे! ओढली म्हणायचंच नाही. तुम्ही नुसता हात लावलात. गुन्हा कबूल आहे का विचारलं, तर 'नाही' म्हणायचं. आणखी काही विचारलंच तर म्हणायचं, शिवण कच्ची होती, बाही आपोआप निघाली."

"शिवण काय होती?"

"कच्ची."

"कोणाची?"

"तुमची!"

मास्तरांना भोवळ यायचीच बाकी राहिली. दुकानाच्या पाटीवर त्यांनी हौसेने रंगवून घेतलं होतं, 'कापड फाटेल, शिवण उसवणार नाही!' आता गुन्हा शाबीत झाला तर मारकुटा टेलर म्हणून नाव होणार आणि सुटले तर कच्च्या शिवणीचा टेलर म्हणून. बिचाऱ्यांचं जेवण उडालं.

"मारकुट्या माणसाकडे कोण पोराबाळांना माप द्यायला आणेल?" बायको म्हणाली. ती दुकानात त्यांच्या बरोबरीने मशीनवर बसायची. "वकील सांगतात ते मुकाट्याने म्हणा. अभिमान घरी ठेवून या."

मग तालीम सुरू झाली. मेहुणा न्यायाधीश झाला. खांद्यावर काळं अस्तर टाकून तो कापडं बेतायच्या टेबलावर मांडी घालून बसला आणि कात्री आपटत ओरडला, "आरोपी हाजिर हो!"

"समोरच तर उभा आहे," मास्तर म्हणाले.

"भाऊजी, न्यायाधीशाला उलट बोलायचं नाही! बोला, बाही कशी निघाली?"

"शिवण... शिवण जरा... हवा दमट होती..."

"कच्ची! कच्ची म्हणा!"

"क... क..." मास्तर तिथेच अडले. बायकोने पाणी दिलं.

"अहो, मोकळ्या गळ्याने म्हणा. कोर्टात पुटपुटलेलं कोण ऐकणार?"

शेवटी मास्तरांनी डोळे मिटले आणि सगळं बळ एकवटून गर्जना केली, "माझी शिवण कच्ची आहे! माझ्या बाह्या आपोआप निघतात!"

डोळे उघडले तेव्हा दारात कापडाचा तागा घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांनी तागा छातीशी धरला आणि आल्या पावली परत गेल्या.

बातमीला पाय फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक शिवलेले कपडे घेऊन यायला लागले. "मास्तर, एक जादा टीप मारून द्या." एक आजोबा तर पँट दोन्ही हातांनी घट्ट धरूनच आले! "घरापासून अशीच धरून आणलीय. म्हटलं, वाटेत आपोआप काही व्हायला नको!"

कोर्टाच्या दिवशी मास्तर आतून नुसते खदखदत होते.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. झालं होतं काम! बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. पण वकीलसाहेबांना चेव आला. ते उठून म्हणाले, "साहेब, शिवण इतकी कच्ची होती, की साध्या फुंकरीनेही बाही निघाली असती!"

"खोटं आहे!" मास्तर कडाडले. "साहेब, मी ओढली! दोन्ही हातांनी ओढली! पहिल्या हिसक्याला टाका हलला नाही. दुसऱ्याला डॉक्टर हलले, टाका नाही! मग टेबलाला पाय लावला, तेव्हा कुठे निघाली. माझी शिवण आपोआप निघत नाही, लिहून घ्या!"

कारकुनाने लिहून घेतलं. वकीलसाहेब हळूच खाली बसले.

"म्हणजे गुन्हा कबूल?"

"हजार वेळा कबूल!" मास्तरांची छाती अशी फुगली होती, जणू सत्कारच चाललाय.

तेवढ्यात डॉक्टरांनी पिशवीतून कोट काढून उंच धरला. त्याला एकही बाही नव्हती!

"डावी बाही कुठे गेली?" न्यायाधीशांनी चष्मा वर केला.

"ती घरी निघाली, साहेब. चौकीतून दमून आलो, खुर्चीत बसलो आणि आळस दिला."

"कोणी ओढली?"

"कोणीच नाही. आपोआप!"

कोर्ट हसून हसून लोटपोट झालं. कारकुनाने तेही लिहून घेतलं. न्यायाधीशांनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं, मास्तरांना कडक ताकीद दिली आणि दोन्ही बाह्या बसवून द्यायच्या अटीवर सोडून दिलं.

परतताना कोटाची पिशवी मास्तरांच्या हातात होती. बराच वेळ ते मान खाली घालून चालले. मग त्यांना जरा धीर आला.

"डावीचं सोड. पण उजवी? पाय लावल्यावर निघाली! अशी शिवण आज कोण घालतं, सांग!"

"मी," बायको म्हणाली. "डावी बसवून तुम्ही जेवायला गेलात. उजवी मी बसवली होती."

त्या संध्याकाळी दोन्ही बाह्या तिनेच बसवल्या. मास्तर शेजारी बसून निमूटपणे सुईत दोरा ओवून देत होते.