भालेरावकाका गाणं पास करतात

आमच्या राजेंद्र नगरात रोज दुपारी एकच्या सुमाराला भालेरावकाका एखाद्या पॉपवाल्या बाईचं गाणं भिंती हादरतील इतक्या मोठ्या आवाजात लावतात, बाहेर येतात, दाराला कुलूप घालतात आणि स्कूटर सुरू करून निघून जातात. घरात दुसरं कुणी नाही. त्यामुळे ती बाई आपल्या कमरेबद्दल, आजच्या रात्रीबद्दल आणि अंगात पेटलेल्या आगीबद्दल जे काही सांगते, ते सगळं त्यांच्या रिकाम्या सोफ्याला सांगते. मग थोड्या वेळानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या वळणावर एक लांबलचक हॉर्न वाजतो, काही मिनिटांनी काका हळूहळू गल्लीत शिरतात, कुलूप काढतात, गाणं बंद करतात आणि जेवायला बसतात.

नवा माणूस हे पाहून घाबरतो. आम्ही शेजारी आता ते घड्याळासारखं वापरतो. गाणं लागलं की मी कुकर लावते.

काका ऑडिटमधून रिटायर झाले, पण ऑडिट काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. पंचाहत्तरीतही इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन आणि बोलण्यात 'आक्षेप'. पोह्यांवर शेव कमी पडली तर आक्षेप, पाहुणा वेळेआधी आला तर आक्षेप. एरवी मला ते नुसतं मेघा म्हणतात, पण काम सरकारी असलं की मी मेघाजी होते. 'मेघाजी' ऐकलं की आपलं काहीतरी चुकलंय हे समजून जावं.

आणि आमच्या कॉलनीत एक रीत आहे. गणेशोत्सवात कुणाला नाचायचं-गायचं असेल, तर आधी काकांकडून गाणं पास करून आणावं लागतं. ही रीत कुणी सुरू केली, असं विचारलं तर सगळे काकांकडे बघतात. काका वेताच्या खुर्चीत बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग एक बोट वर जातं. बोट वर गेलं की गाणं गेलं. एकीच्या गाण्यात 'ओठ' फारच वेळा आले, तेव्हा काकांनी तिला समजावलं होतं की ओठ सगळ्यांनाच असतात, प्रत्येक कडव्यात ते बाहेर काढायची काय जरूर आहे. त्या जागी 'डोळे' बसवून गाणं पास झालं. गाणाऱ्या बाईला ते कुठे माहीत होतं? ती स्पीकरमधून ओठच म्हणत राहिली आणि आमची नाचणारी मात्र डोळ्यांकडे बोट दाखवत नाचली.

पॉप गाणाऱ्या बायकांवर तर त्यांचा खास राग. त्याची त्यांनी एकदा मला फोडच करून सांगितली होती. "बघा मेघाजी, माणूस म्हणतो तू सुंदर आहेस. ठीक है. बाई म्हणते मी सुंदर आहे. चला, तेही मंजूर करून टाकू. पण बाई उठून म्हणते की मला तू हवास, आणि आत्ता हवास. मतलब हा डायरेक्ट खर्च झाला ना, विदाउट सँक्शन."

गंमत अशी की ज्या घरात बसून काका हे बोलत, त्याच घरात हा खर्च रोज होत होता. ते फक्त मला ठाऊक होतं.

मी साताऱ्याहून लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा इथली मराठी मला निम्मीच कळायची आणि दुधवाला भय्याच्या जागी 'भिया' म्हणाला तरी दचकायला व्हायचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी भालेरावांच्या स्वयंपाकघरासमोर. पहिल्याच आठवड्यात, काकांची स्कूटर वळणाआड गेली तशी खिडकीतून शालूकाकूंची हाक आली. "मेघा, गेले गं. ये."

शालूकाकू म्हणजे काकांच्या सौभाग्यवती. कॉलनीत त्यांची ओळख पुरणपोळीबद्दल आणि मान खाली घालून चालण्याबद्दल. मी गेले तर काकूंनी पदर खोचलेला, कॅसेट लावलेली, हातात झारा, आणि काकू नाचत होत्या. नाच म्हणजे काय, तर सगळा भार एका पायावर टाकायचा, कंबर त्या बाजूला झोकायची, झारा खांद्यावर ठेवायचा आणि मान वळवून मागे असं बघायचं, की मागे जो कुणी असेल त्यानं हातातलं सगळं खाली ठेवावं. मी दारातच उभी राहिले. मला सासरी कुणी असं काही दाखवेल अशी कल्पना नव्हती.

त्या वेळी टीव्हीवर पॉप गाणाऱ्या बायका नुकत्याच आल्या होत्या. काकूंना त्यांची नावं लक्षात राहायची नाहीत. त्यांच्याकडे एक 'कुरळी' होती, एक 'बूटवाली' आणि एक 'बसक्या आवाजाची'. परदेशातल्या सगळ्या मिळून 'तिकडची'. पण पारख पक्की. एकदा एकीला बघून म्हणाल्या, "ही बिचारी नोकरी करून राहिली. डोळे कॅमेऱ्यावर बघ, पास होते की नाही म्हणून भ्यालेली आहे." आणि मग कुरळी लागली. "हिला बघ. हिला कुणाचं काही पडलेलं नाही. हिला स्वतःलाच मजा येतेय. कपडे कमी-जास्त ते सोड गं, मजा कुणाची आहे ते बघायचं." पुढे मी पुष्कळ लेख वाचले, मोठमोठ्या बायकांची या विषयावरची भांडणं ऐकली, पण माझं गाडं काकूंच्या त्या वाक्यापाशीच थांबलंय.

दीड वाजता काका जेवायला घरी यायचे. वळणावर हॉर्न वाजायचा आणि मला पळायची घाई व्हायची. काकू मात्र कधी घाई करायच्या नाहीत. शेवटचं कडवं पुरं नाचायच्या, मग बटण दाबायच्या, पदर सोडायच्या आणि ताट घ्यायला वळायच्या. काका दारात आले की घर ऑडिटला सादर करावं तसं शांत. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं. कॅसेट गेली, सीडी आली, मोबाइल आला. काका रिटायर झाले, तरी जेवणाआधी स्कूटर काढून एक चक्कर मारायची त्यांची सवय सुटली नाही, आणि आमचंही चालूच राहिलं.

अडीच वर्षांपूर्वी काकू गेल्या. काही महिने समोरची खिडकी बंदच होती. मग एके दुपारी एकदम कुरळीचं गाणं लागलं, एवढं मोठं की माझ्या हातातून वाटी पडली. धावत खिडकीशी गेले, तर काका कुलूप घालून निघालेले. दुसऱ्या दिवशी तेच. लोक म्हणाले, काका कामातून गेले. मी एकदा विचारून पाहिलं, तर म्हणाले, "अभ्यास चालू आहे, मेघाजी." मला वाटलं, गाणी पास करायचा अभ्यास असेल. पण ऐकायला घरात न थांबता अभ्यास कसा करतात, हे मला समजेना.

यंदा महिला मंडळात मी बॉम्ब टाकला. दर वर्षी आम्ही मंगळागौरीचे खेळ करतो. सुपं नाचवतो, फुगड्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना तेल लावतो. मी म्हटलं, यंदा पॉप. गाणं एका पन्नाशीला टेकलेल्या गायिकेचं. ती आरशासमोर उभी राहून स्वतःला न्याहाळते, जे दिसतं ते तिला आवडतं, आणि मग ती त्याला सांगते की ये, पण मी म्हणेन तेव्हा. बायकांनी आधी तोंडावर पदर घेतला, आणि मग एकेक करून सगळ्या तयार झाल्या.

मला हा नाच करायचाच होता. बावन्न वर्षांची झाले. मुलगी म्हणून, सून म्हणून, आई म्हणून सगळ्या कार्यक्रमांत नाचले. हे अंग माझं आहे आणि मला ते आवडतं, असं म्हणून एकदाही नाचले नव्हते. काकू स्वयंपाकघरात नाचल्या, मला मांडवात नाचायचं होतं. अडचण एकच. गाणं काकांकडून पास व्हायला हवं होतं, आणि गणेश मंडळाचे सेक्रेटरी जोशी आधीच त्यांच्या कानाशी लागून आले होते की बाप्पासमोर हे असलं चालणार नाही, काका, यंदा बोट जरा लवकरच वर करा.

तालीम काकांच्याच हॉलमध्ये ठरली. काका वेताच्या खुर्चीत, शेजारी जोशी. आम्ही सातआठ जणी. गाणं सुरू झालं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले. आरसा आला, बोट जागेवर. 'मी म्हणेन तेव्हा' आलं, जोशी खाकरले, बोट जागेवर. मग धृपद आलं, आणि तिथे मी सगळ्यांना काकूंची ती अदा शिकवली होती. भार एका पायावर, कंबर झोकून, मान वळवून मागे नजर. झारा तेवढा नव्हता.

नेमके त्याच वेळी काकांनी डोळे उघडले.

बोट वर गेलं नाही. सगळा हातच वर गेला. थांबा, म्हणाले. गाणं बंद झालं. जोशींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. काकांनी सगळ्यांना सरबत घ्यायला ओसरीवर पाठवलं आणि मला थांबवलं. मी मनातल्या मनात सुपं शोधायला लागले.

"मेघा," ते म्हणाले. मेघाजी नाही. "ही अदा कुठून आणली?"

इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित, आणि ज्यांच्यापासून सांभाळलं तेच समोर.

"शालूची आहे," तेच म्हणाले. "हातात झारा असतो."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एकदा स्कूटर पंक्चर झाली, म्हणून ते जेवायला पायीच आले, मागच्या दारानं. जाळीतून पाहिलं तर काकू नाचत होत्या. "इतकी वर्षं संसार केला, पण अशी ती मी पाहिली नव्हती. एकदम बढिया दिसत होती. वाटलं आत जावं. मग वाटलं, मी गेलो की ही थांबेल. आणि एकदा लाजली की परत नाचणार नाही." ते तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवसापासून वळणावर हॉर्न द्यायला लागले, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. रिटायर झाल्यावर स्कूटर काढून चकरा मारू लागले, तेही त्यासाठीच.

"आणि मांडवात बोट वर करायचा मी," काका म्हणाले. "लोकांच्या बायकांची गाणी नापास करायची, आणि घरी चोरून हॉर्न द्यायचा. तिला एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं की माझ्यासमोर नाच. जमलंच नाही. आता गाणं लावतो आणि निघून जातो. मी घरात असलो की ती नाचायची नाही ना."

माझे डोळे भरून आले होते, पण माझ्याकडे एक गोष्ट होती आणि ती आता त्यांची होती. हॉर्न वाजला की मी पळायला लागायची, तेव्हा काकू माझा हात धरून काय म्हणायच्या, ते मी त्यांना सांगितलं. मला वाटायचं, काकू थट्टा करतात.

"म्हणायच्या, थांब गं, घाई नको. ते वळणावर उभे राहतात. गाणं संपल्याशिवाय येत नाहीत."

काकांनी चष्मा कपाळावरून काढून पुसला, जरा जास्तच पुसला.

"मतलब, तिला माहीत होतं."

"हो काका. त्या मागे बघायच्या ना, तेव्हा मागच्या दाराकडेच बघायच्या."

एवढ्यात जोशी आत डोकावले आणि निकाल काय म्हणून विचारू लागले. काकांनी चष्मा लावला आणि ते पुन्हा ऑडिटमध्ये गेले. आक्षेप काय आहे, ते नेमकं सांगा, म्हणाले. जोशी म्हणाले, बाई कुणाला तरी 'ये' म्हणते. कुणाला म्हणते, काकांनी विचारलं. ते गाण्यात दिलेलं नाही, जोशी म्हणाले. मग नवऱ्याला म्हणत असेल, काका म्हणाले, विरुद्ध पुरावा असेल तर सादर करा.

"पास," काका म्हणाले. "आणि मेघाजी, झाऱ्याशिवाय ती अदा अधुरी वाटते. सगळ्यांनी घरून आणावा."

आम्ही नाचलो. झारे घेऊन नाचलो. गुडघे दुखले, पण मी कुणाचीही सून नव्हते आणि कुणाचीही आई नव्हते. पहिल्या रांगेत काका ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, आणि धृपद आलं की दर वेळी मांडवाच्या मागच्या दाराकडे वळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता समोर कुरळीचं गाणं लागलं. मी सवयीनं कुकर लावला आणि स्कूटरच्या आवाजाची वाट बघत खिडकीशी उभी राहिले. गाणं संपलं. परत सुरू झालं. स्कूटर अंगणातच होती, दाराला कुलूप नव्हतं, आणि समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत काका ओट्यापाशी स्टूल टाकून बसले होते.