गल्लीची प्रतिकारशक्ती

धम्मानंद गेले, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांना नुसत्या शिंका येत होत्या. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामावर जन्मभर चौकीदारी केलेला माणूस. लेक रोशनी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून शिंकांचाही जाब तिलाच.

"धूळ म्हणजे जंतू नाही, बाबा. पण तुमच्या अंगातले शिपाई तिले चोर समजून राहिले."

"शिपायाईले नावं नको ठेवू. वळख नाही पटली तर अडवनच ना!"

"अन् खरा जंतू एकदा आला, की त्याचा चेहरा ध्यानात ठेवतात. पुन्हा आला की लगेच धरतात."

"मंग! शिपाई हाय तो."

रोशनीला सांगायचं होतं वेगळंच. तिच्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या अनिशशी तिचं लग्न ठरलं होतं, आपसातच. संध्याकाळी तो येणार होता. ती सांगायला तोंड उघडायची आणि चहा ठेवायला उठायची.

अनिश आला तेव्हा ती समोसे आणायला गेलेली. घाबरून त्यानं फाटकापुढून दोन चकरा मारल्या, मग खिडकीतून डोकावला.

"कोन हाय बे?" धम्मानंदांनी शिट्टी फुंकली.

पुढचं सगळं रोशनी जंतूंच्या धड्याला फळ्यावर काढते त्याच क्रमानं झालं. आधी इशारा, मग धावाधाव, मग चिकटणं. शेजारच्या बायजाबाईंनी कॉलर धरली, समोरच्या घरातल्या मुकुंदनं दंड. गल्लीला ताप चढला, तेव्हा कुठे रोशनी पोचली.

"सोडा! बाबा, हे आमच्या शाळेतले गणिताचे सर. पेपर द्यायले आले."

"मास्तर? मंग खिडकीतून काय कॉपी पुरवून राहिला गा?"

समोसे गल्लीनं खाल्ले. अनिशला पाणी मिळालं. उद्या सांगू, रोशनीनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळायच्या आत धम्मानंदांचं हृदय थांबलं.

बाबांच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना आटोपली आणि फाटकावर गलका झाला. रोशनी धावली. या वेळी शिट्टीचीही गरज पडली नव्हती. कॉलर बायजाबाईंच्याच मुठीत होती.

"रोशनी वं, तोच हाय पाह्य! तुह्या बाबानं त्याच दिवशी बजावलं होतं, मास्तर असो का कोनी, हा पुन्हा दिसला तर सोडू नका."

रोशनीला हसू फुटलं. ते संपायच्या आत रडू आलं. डोळे पुसून ती म्हणाली, "नका सोडू, मावशी. तसाच आत आना."

बायजाबाईंनी त्याला कॉलरीनंच ओढत मांडवात, हार घातलेल्या फोटोपुढे उभं केलं. सगळी गल्ली मागे गोळा झाली.

"बाबा," रोशनी मोठ्यानं म्हणाली, "हा अनिश. मले याच्याशी लग्न करायचं आहे."