लेटरहेड नसलेली बोट

दळवीकाकांनी बेल वाजवून मला मत्स्यशास्त्राचा संशोधन सहाय्यक व्हायला सुचवलं, तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि विमा कंपनीत होतो. मासा मला फक्त तळलेला ओळखता येतो, असं मी सांगून पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, "पात्रता आपण ठरवायची नाही. ती छाननी समिती ठरवते."

काकांनी एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागात एकतीस वर्षं नोकरीच्या अर्जांची छाननी केली. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात. काका विद्यापीठांच्या जाहिराती सांभाळतात. भाईंदर पूर्वेतल्या आमच्या सोसायटीच्या फलकावर टँकरची सूचना वाचायची, तर आधी 'प्रकल्प सहाय्यक, एक पद, तात्पुरते' उचलून बघावं लागतं. केबिन रोडवरच्या साडीवाल्या केतनभाईंना त्यांनी ग्रंथपालाची जागा सुचवली. "अंकल, मेरेको नौकरी नहीं, गिराक मंगता है," केतनभाई म्हणाले. काकांनी तरी कोऱ्या अर्जाच्या तीन प्रती गल्ल्याजवळ ठेवून दिल्या.

काकांमुळे कुणाला नोकरी लागल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

मग रेनिटा आली. उत्तनच्या कोळ्याची मुलगी, सागरी जीवशास्त्रात एमएस्सी, आमच्या मजल्यावर मावशीकडे राहायची. यंदा जमलं नाही तर मुकाट्याने कॉल सेंटरला जायचं, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. तेवढ्यात एका विद्यापीठात खाडीतल्या माशांच्या नोंदी ठेवायची जागा निघाली. अट एकच: दोन वर्षांचा संबंधित अनुभव. तो तिच्याकडे नव्हता. काकांनी तिला विचारलं, शाळा-कॉलेजच्या सुट्टीत काय करायचीस? बाबांच्या बोटीवरचे मासे निवडायची, ती म्हणाली.

"निवडायची नाही," काका म्हणाले. "वर्गीकरण करायची."

रविवारी अनुभवाचा दाखला टाइप करून, मला साक्षीदार म्हणून घेऊन, काका उत्तनला पोचले. रेनिटाचे वडील पास्कू जाळं शिवत बसले होते. काकांनी त्यांच्याकडे संस्थेचं लेटरहेड मागितलं.

"आमच्या बोटीला लेटरहेड न्हाय."

शिक्का? तोही न्हाय. निदान जावक क्रमांक तरी? पास्कूंनी जरा विचार केला आणि बोटीच्या अंगावर रंगवलेल्या आकड्यांकडे हात केला. "नंबर हाय."

काकांनी चष्मा पुसला आणि तो नंबर, एकही आकडा न गाळता, 'जावक क्रमांक' या शब्दांपुढे उतरवून घेतला. पास्कूंनी खाली सही केली. हुद्दा: मालक व तांडेल.

मुलाखतीत समिती आधी दाखल्यावर हसली म्हणे. मग अर्धा तास बोटीवरच्या माशांबद्दलच विचारत बसली. रेनिटाची निवड झाली.

मी काकांचं अभिनंदन करायला गेलो. बोलता बोलता सहज विचारलं, तुमच्या टेबलावर असला दाखला आला असता तर?

"आला होता," काका म्हणाले.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वनस्पतिशास्त्र विभागात एक जागा होती. काकूंनी अर्ज केला होता. अनुभव वडिलांच्या रोपवाटिकेतला, दाखला वहीच्या कागदावर. काकांनी नियमाप्रमाणे तो अपात्र अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवला होता.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आत काकू कढीला फोडणी देत होत्या.

"हळू," काका म्हणाले. "तिला अजून वाटतं, ती जागाच रद्द झाली."