अद्याप पाहण्यात आलेले नाही

नव्या जातीचं वर्णन शोधनिबंधात जसं छापून येईल तसंच त्या जातीच्या भुंगेऱ्यांनी यापुढे राहायचं, असा नियम असल्यामुळे बेटावरचा भुंगेरा छपाईआधीचा मजकूर तपासायला स्वतःच आला. संग्रहालयातल्या कीटकतज्ज्ञ वृंदाताई टिपणीस यांनी त्याला टेबलावर, भिंगाशेजारी जागा करून दिली.

आधी त्याने पेटीतल्या मामांना नमस्कार केला. मामा म्हणजे या नव्या जातीचा एकमेव नमुना, प्रथेप्रमाणे उजव्या पंखातून टाचणी टोचलेला. मामांची तब्येत बरी राखलीय, असं म्हणून तो वाचायला बसला.

रंग काळा, कडेला तांबूस झाक. हे त्याला मान्य होतं. पाय लांब, पळण्यात चपळ. हे वाचून तर स्वारी खूश झाली. नावाबद्दलही तक्रार नव्हती. 'पंख चिकटलेले, उडू शकत नाही' या शब्दांवर मात्र तो अडून बसला.

"बाई, एवढं काढा," तो म्हणाला. "समुद्र आता आमच्या दगडांखाली येतो. पळून पळून आम्ही टेकडीच्या माथ्यावर आलोय. घरात लहान पोरं आहेत."

वृंदाताईंनी खोडायला पेन उचललं. पण न पाहिलेलं त्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. उडून दाखवा, लगेच लिहिते, असं त्यांनी सुचवलं. तुम्ही लिहा, लगेच उडून दाखवतो, असं तो म्हणाला. दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं, त्यामुळे दुपारभर चहापलीकडे काही घडलं नाही.

शेवटी त्यानेच विचारलं, "चिकटलेले पंख पाहिलेत, ते कुणाचे?"

"तुमच्या मामांचे."

"आणि माझे?"

वृंदाताईंनी मजकूर पुन्हा वाचला. एका मामांवरून त्यांनी अख्ख्या गोतावळ्याचं लिहून टाकलं होतं. विद्यार्थ्यांनी असं केलं की त्या निबंध परत करत. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी ते शब्द खोडले आणि वर लिहिलं: 'एका नमुन्याचे पंख चिकटलेले आढळले. जातीचे उड्डाण अद्याप पाहण्यात आलेले नाही.'

"चालेल," भुंगेरा म्हणाला. "आता जरा पाठ फिरवा. नाहीतर हेही खोटं ठरायचं."

वृंदाताईंनी खुर्ची भिंतीकडे वळवली. मागे काहीतरी भिरभिरलं, खिडकीचा पडदा हलला. आवाज पार विरेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

मग उठून त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मामा आत जागेवर होते. त्यांचे पंख पाहण्यात आलेले होते.