वाळत घातलेलं इंटरनेट

आमच्या घरात संगणकाला साधी शिंक आली, तरी सगळे मलाच हाक मारतात! म्हणजे, मारायचे.

त्या सकाळी बायकोची नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा होती. घरी बसून ती पार कंटाळली होती, ही नोकरी तिला हवीच होती. म्हटलं, लॅपटॉप जरा चकाचक करून देऊ! लॅपटॉप ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीचं नवं कर्नल, म्हणजे संगणकाचं काळीजच, बसवलं. जुनं कर्नल उगाच जागा अडवत होतं, तेही पुसून टाकलं. अडगळ काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही!

लॅपटॉप सुरू झाला. वायफाय गायब!

"अहो, काय केलंत?" बायको किंचाळली.

"काही नाही गं! नवं कर्नल वायफायला ओळखच देत नाहीये. एक ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, उतरवला की झालं."

"मग उतरवा!"

"त्याला इंटरनेट लागतं."

"आणि इंटरनेटला?"

"ड्रायव्हर!"

सासूबाई डोकावल्या. "जावईबापू, जुनंच परत लावा ना."

"ते पुसलं मी."

"चालतं-बोलतं होतं ना ते?"

मी विषय बदलला. केबल! राउटरपासून थेट लॅपटॉपला केबल जोडली की वायफाय गेलं खड्ड्यात! टेबलाखाली शोधली, माळ्यावर शोधली, आणि मग आठवलं. घर आवरताना ती केबल मीच कचऱ्यात टाकली होती!

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"निळी होती का हो?" सासूबाईंनी विचारलं. "चांगली धडधाकट होती. मी डब्यातून काढून घेतली."

"कुठंय?"

त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. निळ्या केबलवर माझे बनियन ओळीने वाळत होते!

मी धावलो. गाठी अशा पक्क्या, की सुटता सुटेनात.

"कात्री आणू?" मी विचारलं.

"खबरदार!" मायलेकी एका सुरात ओरडल्या.

शेवटी सासूबाईंनीच दातांनी गाठी सोडवल्या. परीक्षा सुरू झाली, तेव्हा केबलला कपड्यांचे चिमटे तसेच लटकत होते.

बायकोला नोकरी लागली! ऑफिसातून नवाकोरा लॅपटॉप आला. मी खोकं उघडायला पुढे सरसावलो, तर सासूबाईंनी माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली दिली.

"केबल मी कपाटात कुलपात ठेवलीये," त्या म्हणाल्या. "नवी दोरी येईपर्यंत, जावईबापू, गॅलरीत जरा हात पसरून उभे राहा."

उभा आहे. ऊन बरं आहे आज.