मीठ बघ, मोना

एका बुधवारी मी मटण करायचं ठरवलं. एवढंच. माणूस याहून मोठे निर्णय घेतो, फ्लॅट घेतो, लग्न करतो; पण इतका अंगाशी आलेला दुसरा निर्णय मला आठवत नाही. (लग्न धरून. हे वाक्य आमच्या घरात कुणी वाचणार नाही, असं मी गृहीत धरलंय.)

बायको, म्हणजे संयोगिता, भावाच्या वास्तुशांतीला गडहिंग्लजला गेलती. घरात मी आणि आमची मोना. मोना समाजशास्त्रात एम.ए. करते. विभागाच्या इमारतीचं काम निघालं, त्यामुळं चार महिने तिचे सगळे तास राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्येच, लॅपटॉपवर भरत होते. आणि लॅपटॉपवर तास म्हटल्यावर कॅमेरा बंद, तोंड चालू. नऊच्या तासाला पोहे, साडेदहाला भडंग, बाराला चपातीची गुंडाळी, दोनला उरलेले पोहे. तास कशाचा आहे हे मला कधी कळलं नाही, पण कितवा आहे हे मी वासावरून सांगायचो.

संयोगितानं जाताना बजावून ठेवलं होतं. लॅपटॉपसमोर ताट न्यायचं नाही, बुधवारी पोरीचा पंचवीस मार्कांचा सेमिनार आहे आणि मी मधेमधे करायचं नाही. सेमिनारचा विषय होता, घरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खाण्याच्या सवयी. (मोनानं हा विषय सांगितला तेव्हा मी हसलो. मला कुठं माहीत, पुढं कोण हसणार आहे ते.) या पंचवीस मार्कांसाठी पोरीनं महिनाभर वर्गातल्या चाळीस जणांकडनं फॉर्म भरून घेतले होते. अशा दिवशी पोरीला वरण-भात घालायचा? माझ्या मनाला ते पटेना. मी शाहूपुरीतल्या ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं आणि मटण घेऊन आलो.

सगळं झकास चाललं होतं. कांदा-खोबरं भाजलं, वाटण वाटलं, मसाला पडला, मीठ घातलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. पोट कसं आहे म्हणाले, आणि ती डिस्पॅचची फाईल कुठं ठेवलीस. मी पोटाला शोभेल अशा आवाजात फाईल सांगितली आणि परत आलो, तर मीठ घातलं होतं की घालायचं होतं, हेच आठवेना. म्हणून घातलं. मग चव बघायला पळी तोंडाला लावली आणि जीभ अशी पोळली, की मीठ, तिखट, साखर, सगळं एकच लागायला लागलं.

घरात शाबूत जीभ एकच होती, आणि ती आतल्या खोलीत सेमिनार देत होती.

मी वाटीत रस्सा घेतला, दार किलकिलं केलं आणि हळूच म्हणालो, "मोना, मीठ बघ."

सेमिनार म्हणून आज कॅमेरा चालू होता. मोनानं बोलता बोलता टेबलाखाली हात हलवला. आता कुणीही शहाणा माणूस समजला असता, की 'जा' म्हणतेय. मी समजलो, 'खालनं या' म्हणतेय. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून सांगत असेल, पोरगी हुशार आहे, बापावर गेलीय. मी गुडघ्यांवर बसलो आणि एका हातात पळी, एका हातात वाटी घेऊन रांगत टेबलापाशी गेलो. तिथून वाटी तेवढी वर केली.

मोना म्हणत होती, "म्हणजे, अठ्ठ्याहत्तर टक्के विद्यार्थी तास चालू असताना काहीही खात नाहीत."

चार महिन्यांची सवय. तिचा हात आपसूक वाटीकडं गेला, वाटी तोंडाला लागली आणि तिनं एक मोठा घोट घेतला. मग ती जी खोकायला लागली, ती थांबेना. मी खालनं पाठ थोपटायला हात वर केला. त्या हातात पळी होती.

लॅपटॉपमधनं तिच्या पृथ्वीराज सरांचा आवाज आला, "मोना, तुम्ही कुठल्या टक्क्यात येता? आणि टेबलाखाली जे कोण हाय त्यांनी वर या."

मी उठलो. पळीसकट नमस्कार केला आणि सवयीनं बोलून गेलो, "या की सर, जेवायला."

सरांनी सगळ्यांना कॅमेरे सुरू करायला लावले. काय सांगू तुम्हाला. राजवीर शेतात बसून ऊस सोलत होता, दातांनी. मुस्कानची खारी चहात बुडालेली, आणि ती वाचवावी की कॅमेऱ्याकडं बघावं हे तिला सुचत नव्हतं. मुजम्मिलच्या तोंडात एवढा मोठा घास, की 'प्रेझेंट सर' सुद्धा म्हणता येईना. यातल्याच बहुतेकांनी फॉर्ममध्ये आम्ही तासाला पाणीसुद्धा पीत नाही असं लिहिलं होतं.

सर म्हणाले, फॉर्म खोटे, तर सगळा अहवाल खोटा. याला मार्क कसे द्यायचे? मोनाचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची महिन्याची मेहनत मी एका वाटीत बुडवली होती.

"सर, चूक माझी हाय," मी म्हणालो. "पोरीला शिक्षा नको."

सर म्हणाले, शिक्षा नाही, पण आता समोर दिसतायत ते मोजा, आणि शनिवारपर्यंत नवा अहवाल द्या, कारणांसकट. मोनानं ओढणीनं डोळे पुसले आणि मोजायला लागली. छत्तीस झाल्यावर अडखळली.

"सर, तुमच्या डाव्या बाजूला ताट दिसतंय. धरू का?"

"धरा," सर म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप जरा उजवीकडं वळवला.

संयोगिता आल्यावर मी तिला सांगितलं, मटण असं झालतं, की एक थेंब उरला नाही. (खरंच उरला नाही. सगळा मोरीत गेला.) मोनानं मान खाली घालून दुजोरा दिला. गुणाची पोर.

पुढं इमारतीचं काम झालं आणि विभागानं पालकांना बोलावलं. भिंतीवर मोनाचा अहवाल लावला होता. सवयी बिघडण्याची कारणं, क्रमांक एक : वडील. शेजारी स्क्रीनवरनं काढलेला माझा फोटो, पळीसकट. मार्क, चोवीस. मी सरांना विचारलं, एक कुठं गेला?

"कोऱ्या रकान्याचा," सर म्हणाले. "मोनानं प्रत्येकाच्या खाण्याची चव लिहिलीय, फक्त तुमच्या रश्श्याची सोडून. माहिती लपवली की मार्क जातो. तुम्ही सांगितलं तर आत्ता भरतो."

मोना जमिनीकडं बघत होती. संयोगिता माझ्याकडं बघत होती. पोरीनं बापाची अब्रू राखायला मार्क सोडला होता, मग माझ्यानं गप्प राहवेना.

"खारट झालतं, सर. तोंडात धरवत न्हवतं."

सरांनी रकाना भरला आणि चोवीसचे पंचवीस केले. त्या दिवसापासून आमच्या घरी मटण शिजलं, की मीठ बघायला संयोगिता मोनाला हाक मारते, ती नसली तर शेजारच्या शालूबाईंना. माझी जीभ कधीच बरी झालीय, हे मी दोनदा सांगून बघितलं.